कालबाह्य कोण ठरवते? : जुना लॅपटॉप, लिनक्स आणि संहितेवरचा अधिकार

‘कालबाह्य’ हे विशेषण आपल्या अभ्यासक्षेत्रात सढळ हाताने वापरले जाते. एखादी कादंबरी कालबाह्य झाली, एखादी समीक्षापद्धती कालबाह्य झाली, असे आपण वर्गात सहज बोलून जातो. परंतु ग्रंथाच्या बाबतीत हा निर्णय कधीच अखेरचा नसतो. मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून हाती लागलेली प्रत वाचण्यासाठी प्रकाशकाची नव्याने परवानगी काढावी लागत नाही. समीक्षकांनी मोडीत काढलेला ग्रंथ पन्नास वर्षांनी एखादा वाचक उघडतो, आणि त्याला त्यात काही सापडले तर त्या ग्रंथाचे आयुष्य पुन्हा सुरू होते.

संगणकाच्या बाबतीत हा अधिकार वाचकाकडे राहीलच असे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमचा, सर्वसाधारण आधार थांबला. तिच्या पुढची विंडोज ११ अधिकृतपणे बसवायची तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था हवी आणि प्रोसेसरही साधारणतः २०१७ सालच्या अखेरीनंतरचा हवा. ज्या लॅपटॉपचा कळफलक शाबूत आहे, पडदा स्वच्छ आहे, ज्यावर काल रात्रीपर्यंत प्रबंधाचे प्रकरण लिहिले जात होते, असा लॅपटॉपही त्या तारखेने जुना ठरला. कचेऱ्यांनी काढून टाकलेली अशी यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये नव्याच्या कितीतरी कमी किमतीला मिळतात. ती घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला जाणकार मित्र सांगतो, “यावर लिनक्स टाक.”

हा सल्ला बहुधा काटकसरीचा म्हणून दिला जातो, आणि तसा तो आहेही. तथापि लिनक्स जुन्या यंत्रावर का चालते, याचे उत्तर त्याच्या तांत्रिक हलकेपणात पुरते सापडत नाही. ते त्याच्या इतिहासात आहे. आणि तो इतिहास संहिता कोणी वाचावी, तिच्यावर भाष्य कोणी करावे आणि ती पुढे कोणी न्यावी, या प्रश्नांचा आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न परके वाटू नयेत. म्हणून संगणकशास्त्र हा आमचा विषय नसतानाही या इतिहासाकडे साहित्याच्या बाजूने पाहण्याचे आम्ही येथे ठरवले आहे.

अडगळीतले यंत्र

लिनक्सची वंशावळ युनिक्सपाशी जाते. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधनसंस्थेने ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यात काम केलेल्या केन थॉम्प्सन यांच्या हाताशी नवे, मोठे यंत्र उरले नाही. त्यांनी पीडीपी-७ नावाचा, फारसा कोणी वापरत नसलेला संगणक शोधून काढला आणि त्यावर डेनिस रिची व इतर सहकाऱ्यांसह एक आटोपशीर कार्यप्रणाली रचायला घेतली. तीच युनिक्स. म्हणजे या परंपरेचा आरंभच दुसऱ्यांनी बाजूला सारलेल्या यंत्रावर झालेला आहे. यंत्र लहान असल्यामुळे मोठी पाल्हाळिक रचना परवडणारी नव्हती. प्रत्येक साधनाने एकच काम नीट करावे आणि अशी लहान साधने एकमेकांना जोडून मोठे काम साधावे, ही युनिक्सची पुढे प्रसिद्ध झालेली शिस्त त्या तुटपुंजेपणातच रुजली.

१९७३च्या सुमारास युनिक्स ‘सी’ या भाषेत नव्याने लिहिले गेले. एका विशिष्ट यंत्राच्या बोलीतून ते सुटले, आणि त्यामुळे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागले. बेल लॅब्सची मालक कंपनी एटी अँड टी ही अमेरिकेतील टेलिफोनची मक्तेदार होती, आणि १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीने तिला दूरसंचाराबाहेरच्या व्यवसायात उतरण्यास मज्जाव होता. त्यामुळे युनिक्स विकण्यापेक्षा विद्यापीठांना अल्प शुल्कात, मूळ संहितेसह देणे तिला सोयीचे झाले. ‘मूळ संहिता’ हा शब्द आम्ही येथे ‘सोर्स कोड’ या अर्थी वापरत आहोत. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस जे लिहितो आणि दुसरा माणूस जे वाचू शकतो, ती ही संहिता. यंत्र चालवते ते तिचे आकड्यांत झालेले रूपांतर असते, आणि त्यावरून मूळ लेखन उलगडणे जवळजवळ अशक्य असते.

भाष्याची पोथी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे अध्यापक होते. १९७६ साली त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची संहिता विद्यार्थ्यांसाठी छापून घेतली आणि सोबत तिच्यावर ओळीगणिक भाष्य लिहिले. संहिता सुमारे नऊ हजार ओळींची. एका सत्रात पूर्ण वाचून होईल, एवढीच. ज्यांनी गीतेबरोबर तिच्यावरचे भाष्य वाचण्याची, किंवा एखाद्या काव्याबरोबर टीका वाचण्याची परंपरा पाहिली आहे, त्यांना या पद्धतीची ओळख नव्याने करून द्यायला नको. चालू असलेले यंत्र हा एक ‘ग्रंथ’ आहे आणि तो वर्गात बसून वाचता येतो, ही गोष्ट त्या पुस्तकाने सिद्ध केली.

परंतु १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या परवान्यात संहिता वर्गात शिकवण्यास मनाई करणारे कलम होते. लायन्स यांच्या भाष्याच्या खुल्या प्रसारालाही आडकाठी आली. मग जे व्हायचे ते झाले. विद्यार्थ्यांनी त्याच्या छायाप्रती काढल्या, त्या प्रतींच्या पुन्हा प्रती काढल्या, आणि जगभरातील विद्यापीठांत हा ग्रंथ जवळजवळ दोन दशके हस्तलिखित पोथीसारखा हातोहात फिरत राहिला. तो रीतसर प्रकाशित झाला १९९६ साली. लायन्स यांचे निधन १९९८ साली झाले; आपले भाष्य उघडपणे छापलेले त्यांना पाहता आले, एवढे समाधान.

संहिता वर्गातून बाहेर गेल्यावर आम्सटरडॅममधील अध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी युनिक्ससारखी वागणारी एक लहान कार्यप्रणाली स्वतःच लिहिली, तिला ‘मिनिक्स’ असे नाव दिले, आणि १९८७ साली आपल्या पाठ्यपुस्तकात तिची संहिता छापली. ही पुन्हा अध्यापकाचीच कृती होती. शिकवायचे तर संहिता समोर हवी, एवढा साधा तिचा हेतू.

एक छपाईयंत्र आणि एक परवाना

याच सुमारास हा प्रश्न अमेरिकेत एका वेगळ्या ठिकाणी उभा राहिला होता. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की संबंधितांच्या पडद्यावर सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनी त्याच्या संहितेत केली होती. १९८०च्या सुमारास प्रयोगशाळेला झेरॉक्सचे नवे लेझर छपाईयंत्र मिळाले. तेही अडे, पण त्याची संहिता सोबत नव्हती. ती दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाकडे आहे असे कळल्यावर स्टॉलमन यांनी ती मागितली. ती कोणाला न देण्याचे वचन आपण कंपनीला दिले आहे, असे उत्तर त्यांना मिळाले.

प्रसंग किरकोळ वाटेल. पण एका अभ्यासकाने दुसऱ्या अभ्यासकाला संहिता दाखवण्यास नकार द्यावा, आणि तो नकार कायदेशीर ठरावा, हे स्टॉलमन यांना नैतिकदृष्ट्या अमान्य होते. सप्टेंबर १९८३मध्ये त्यांनी पूर्णतः मुक्त अशा ‘ग्नू’ या कार्यप्रणालीची घोषणा केली, जानेवारी १९८४मध्ये एमआयटीची नोकरी सोडली आणि १९८५मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन केले. १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’, अर्थात जीपीएल, हा परवाना सिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ची. या परवान्याचे सार असे सांगता येईल : हा प्रोग्रॅम वापरा, वाचा, बदला, इतरांना द्या, हवे तर पैसे घेऊन द्या, मात्र तुम्ही ज्याला तो द्याल त्यालाही हेच सारे अधिकार आणि मूळ संहिता मिळाली पाहिजे. स्वामित्वहक्काचा कायदा न नाकारता, त्याच कायद्याच्या आधाराने संहिता उघडी ठेवण्याची ही युक्ती होती.

हेलसिंकीचा विद्यार्थी

ग्नू प्रकल्पाकडे १९९१पर्यंत बरीच साधने तयार झाली होती. यंत्राशी थेट बोलणारा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मात्र तयार नव्हता. तो आला एका विद्यार्थ्याकडून. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने जानेवारी १९९१मध्ये ३८६ प्रोसेसरचा एक संगणक हप्त्यांवर विकत घेतला. त्यात चार एमबी रॅम होती. आजच्या चार जीबीच्या लॅपटॉपशी तुलना केली तर हजारपट कमी. त्याने त्यावर मिनिक्स बसवले, टॅनेनबाउम यांचे पुस्तक वाचले, आणि मग स्वतःचे काहीतरी लिहायला घेतले. ऑगस्ट १९९१मध्ये मिनिक्स वापरणाऱ्यांना त्याने कळवले की आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत. ती ग्नूसारखी मोठी वगैरे होणार नाही. सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती बाहेर आली.

या आरंभकाळातील एक गोष्ट जुन्या लॅपटॉपच्या संदर्भात फार बोलकी आहे. जर्मनीतील एका वापरकर्त्याकडे अवघी दोन एमबी रॅम होती आणि तेवढ्यात त्याला कर्नल स्वतः घडवून घेता येत नव्हता. टॉरव्हाल्ड्सने त्या वर्षीच्या नाताळात रॅम अपुरी पडल्यास डिस्कचा भाग स्मृतीसारखा वापरण्याची सोय लिहून काढली. मिनिक्समध्ये नसलेली ही सोय अनेकांना लिनक्सकडे घेऊन आली. एका गरीब यंत्राच्या मालकाची अडचण हीच अशा रीतीने लिनक्सची जमेची बाजू ठरली. पुढे याच वापरकर्त्यांपैकी काहींनी वर्गणी काढून टॉरव्हाल्ड्सच्या संगणकाचे उरलेले हप्ते फेडले.

आरंभीच्या परवान्यानुसार लिनक्सच्या वाटपासाठी पैसे घेण्यास मनाई होती. पण फ्लॉपींवर प्रती काढून देणाऱ्यांना निदान खर्च तरी भरून निघायला हवा होता. १९९२च्या आरंभी टॉरव्हाल्ड्सने लिनक्स जीपीएलखाली आणले. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा यांचा मेळ यानंतर पक्का बसला, आणि त्याचमुळे या संपूर्ण प्रणालीला ‘ग्नू/लिनक्स’ म्हणावे असा स्टॉलमन यांचा आग्रह आजही कायम आहे.

जानेवारी १९९२मध्ये टॅनेनबाउम यांनी जाहीर टीका केली. तिचा मथळाच ‘लिनक्स कालबाह्य आहे’ अशा अर्थाचा होता. सगळा गाभा एकसंध ठेवणारी ही रचना १९७०च्या दशकाकडे परत जाणारी आहे, आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरशी ती जखडलेली आहे तो प्रोसेसरही लवकरच मागे पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. सैद्धांतिक मुद्दा बिनबुडाचा नव्हता. आजही त्यावर वाद होतात. पण वाङ्मयेतिहासात वारंवार दिसते तेच येथेही दिसले. अधिकारी व्यक्तीने कालबाह्य ठरवलेली संहिता वाचकांनी हातात घेतली, ती उघडी होती म्हणून दुरुस्त केली, इतर प्रोसेसरांवर नेली, आणि तिचे भवितव्य त्या निर्णयाबाहेर गेले.

मिनिक्सच्या कथेचा उत्तरार्धही लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००० साली मिनिक्स अधिक सैल परवान्याखाली आले. बदल करणाऱ्याने आपली संहिता उघडी केलीच पाहिजे, अशी अट त्यात नव्हती. २०१७ साली असे उघड झाले की इंटेलने २०१५पासूनच्या आपल्या अनेक चिपांमधील ‘मॅनेजमेंट इंजिन’ या अंतर्गत व्यवस्थेसाठी मिनिक्सच वापरले आहे. म्हणजे आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांच्या पोटात, वर्गात वाचण्यासाठी लिहिलेली ती प्रणाली आहे. पण मालकाला तेथील तिचे रूप वाचता येत नाही. त्याच लॅपटॉपवर बसवलेले लिनक्स मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येते. परवान्यातील एका अटीने दोन संहितांचे प्राक्तन इतके वेगळे झाले.

अर्थात, उघडी संहिता अमर असते असे समजण्याचे कारण नाही. ज्या ३८६ यंत्रावर लिनक्स जन्मले, त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीतून काढून टाकला गेला. आपण भावुक नाही, अशी टिप्पणी करीत टॉरव्हाल्ड्स यांनी तो बदल स्वीकारला. डेबियन या जुन्या आणि प्रतिष्ठित लिनक्स-वितरणाने ऑगस्ट २०२५च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर देणे थांबवले. मग फरक काय राहिला? फरक असा, की येथे निर्णयाची चर्चा उघड्यावर झाली, कारणे नोंदली गेली, आणि जुनी संहिता नाहीशी झाली नाही. कोणाला ती पुढे न्यायची असेल तर तो अधिकार शिल्लक आहे. ते श्रम मात्र कोणीतरी करावे लागतात. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती पोथ्या हाती होत्या आणि ताडून पाहता येत होत्या म्हणून शक्य झाली. पण पोथ्या होत्या म्हणून ती आपोआप झाली नाही. एकनाथांना बसावे लागले.

मराठी अक्षरांची गोष्ट

हा सारा इतिहास हेलसिंकी आणि बोस्टनचा आहे, मराठीचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. १९९०च्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हा बहुतेक फाँट हे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून तयार केलेले होते, आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी होती. यंत्राच्या दृष्टीने फाइलमध्ये मराठी मजकूर नव्हताच. होती ती निरर्थक रोमन अक्षरे, आणि त्यांवर चढवलेला मराठीचा मुखवटा. तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडे. महाराष्ट्रातील कोणत्याही मराठी विभागाच्या कपाटात आज अशा फ्लॉपी आणि सीडी सापडतील : प्रबंध, नियतकालिकांचे अंक, बोलीभाषांच्या नोंदी. कागदावरचे अक्षर टिकले. संगणकावरचे तीस वर्षांत अवाचनीय झाले.

यावरचा उपाय त्याच १९९१ सालात आकाराला येत होता. त्या वर्षी भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक निश्चित झाले, आणि ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावर आधारलेली होती. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, आणि तो क्रमांक कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही, हे युनिकोडचे तत्त्व. पण क्रमांक मिळाल्याने अक्षर पडद्यावर येत नाही. जोडाक्षरे घडवणारे, वेलांटी योग्य जागी नेणारे प्रोग्रॅम लागतात, आणि खुले फाँट लागतात. लिनक्सच्या जगात हे काम उघड्यावर झाले. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट जीपीएलखाली खुले केले. त्यांत मराठीचा स्वतंत्र फाँट होता, आणि पुण्यातील अभियंत्यांचा त्यांच्या जपणुकीत मोठा वाटा राहिला. अक्षरे जुळवणारा ‘हर्फबझ’ हा खुला प्रोग्रॅम पुढे इतका रुळला की फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत तोच काम करतो. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. नावातच आशय आला. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच असल्यामुळे, आपण लिनक्स कधी वापरलेले नाही असे म्हणणारा मराठी वाचक बहुधा रोज खिशात लिनक्स घेऊन हिंडत असतो.

या कामात भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत. ‘फाइल’ला ‘संचिका’ म्हणावे, ‘धारिका’ म्हणावे की ‘फाइल’च ठेवावे, हा वाद भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांना रोजचा. त्याहून सूक्ष्म प्रश्न अक्षरांचा. मराठीतील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८च्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई, आणि अजूनही कित्येक जण तसेच लिहितात. ‘दऱ्या’मधील अर्धा र हाही दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राला ती वेगळी वाटतात. एखाद्या कादंबरीतील शब्दांची सूची करू पाहणाऱ्या संशोधकाला हा पाठभेदाचाच नवा प्रकार समजून हाताळावा लागतो. आणि तो हाताळायचा तर यंत्राच्या आत काय लिहिले आहे, ते पाहण्याची सोय हवी.

प्रारंभ करणाऱ्यासाठी

आता प्रत्यक्ष आरंभाविषयी थोडे. वापरलेला लॅपटॉप घेताना प्रोसेसर ६४ बिटांचा आहे ना, हे पाहावे. रॅम आठ जीबी असल्यास चिंता नाही; चार जीबी असल्यास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप निवडावा. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवणे हा सर्वांत फलदायी खर्च. कचेरीतून आलेल्या यंत्रांवर कधीकधी बायॉसचा पासवर्ड लावलेला असतो. तो काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आधीच्या मालकाचा मजकूर डिस्कवर राहिला असेल तर तो न वाचता पुसावा. संहिता वाचण्याचा अधिकार आणि कोणाची खासगी पत्रे वाचणे यांत फरक आहे.

लिनक्सचे गाभ्याभोवती रचलेले संच म्हणजे वितरणे. स्लॅकवेअर आणि डेबियन ही १९९३पासूनची, उबुंटू २००४चे, लिनक्स मिंट २००६चे. नवशिक्याने मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू घ्यावे; डेबियनही आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. वायफायसारख्या भागांना लागणारे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यावे की नाही, यावर डेबियनच्या सदस्यांनी २०२२ साली मतदान घेतले, आणि २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून ते दिले जाऊ लागले. तत्त्व आणि सोय यांच्यातील ती तडजोड होती, आणि ती उघडपणे झाली.

उतरवून घेतलेल्या फाइलची ‘चेकसम’ नावाची संख्या संकेतस्थळावरील संख्येशी ताडून पाहावी. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ती संख्या पालटते. मुद्रितशोधकाला हे तत्त्व समजावून सांगायला नको. मग ती फाइल पेनड्राइव्हवर चढवावी आणि लॅपटॉप सुरू करताना एफ१२ किंवा तत्सम कळ दाबून त्या पेनड्राइव्हवरून चालू करावा. डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली चालवून पाहण्याची ही ‘लाइव्ह’ पद्धत क्लाउस क्नॉपर यांच्या २००० सालच्या ‘क्नॉपिक्स’ने लोकप्रिय केली. वायफाय, आवाज, पडद्याची प्रखरता, झाकण मिटल्यावर झोपी जाणे आणि परत उठणे हे सारे येथेच तपासावे. आपल्या मजकुराची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, आणि मगच प्रणाली कायमची बसवावी. त्यानंतर कळफलकाच्या व्यवस्थेत मराठी इनस्क्रिप्ट जोडले की लिहायला आरंभ करता येतो. मजकूर लिबरऑफिसमध्ये, ओडीएफ या खुल्या स्वरूपात जतन करावा. २००६पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे.

अडचणी येतात, हेही सांगितले पाहिजे. काही छपाईयंत्रे रुसतात. अनेक छापखाने अजून जुन्या फाँटांतील जुळणी मागतात, आणि ती सॉफ्टवेअरे लिनक्सवर नीट चालत नाहीत. टर्मिनलच्या काळ्या चौकटीची भीती वाटते. पण ‘मॅन’ अशी आज्ञा देऊन पुढे दुसऱ्या आज्ञेचे नाव लिहिले की तिची संपूर्ण माहिती समोर येते. ही सोय युनिक्सच्या आरंभापासूनची आहे. व्याकरणाच्या पुस्तकासारखी ती पाने रूक्ष आहेत; पण वाचणाऱ्यापासून काही लपवत नाहीत.

दुसऱ्याच्या परवानगीवर विसंबण्याचा धडा खुद्द लिनक्सकारांनाही मिळालेला आहे. २००२पासून ते आपल्या संहितेतील बदलांची नोंद ‘बिटकीपर’ या बंदिस्त प्रोग्रॅमवर ठेवत. २००५ साली त्याचा मोफत वापर बंद झाला. टॉरव्हाल्ड्स यांनी काही दिवसांत ‘गिट’ लिहायला घेतले. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली याची अखंड नोंद ठेवणारे हे साधन आज जगभर वापरले जाते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला याहून उपयुक्त वही क्वचितच मिळेल.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या कोपऱ्यात निर्लेखनाची वाट पाहणारे दोन-चार संगणक असतात. मराठी विभागाने ते मागून घ्यावेत, विद्यार्थ्यांकडून त्यांवर लिनक्स बसवून घ्यावे, आणि विभागाच्या कपाटातील एखादा जुन्या फाँटातील वार्षिकांक युनिकोडमध्ये आणण्याचे काम हाती घ्यावे. रूपांतरात अक्षरे बिघडतील. ती छापील प्रतीशी ताडून दुरुस्त करावी लागतील, आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद गिटमध्ये ठेवावी लागेल. एका सत्रात एक अंक झाला तरी पुष्कळ. त्या अंकात कधीकाळी लिहिलेल्या विद्यार्थ्यांचे लेखन पुन्हा वाचता येऊ लागेल, आणि ते कालबाह्य आहे की नाही, हे वाचणारा ठरवील.